अथीनेच्या हातावरचा मोर

आमच्या घरात देवी धाकटीच्या अंगात येते. थोरली मी. या घरात मी आधी आले, घटाची माती मी आधी चाळली, आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हाताखाली नवरात्राचा सगळा पसारा मी आधी शिकले. आणि देवी आली ती माझ्या कितीतरी मागून आलेल्या जावेच्या अंगात. तीही पहिल्याच नवरात्रात, अंगावरची हळद अजून उतरली नव्हती तेव्हा. मला याचा राग येतो. तो येऊ नये असं पुष्कळ जण समजावतात, पण समजावणाऱ्यांच्या घरात कुणाच्याच अंगात येत नाही.

जळकोटला हायवेपासून आत आमचं घर. नवरा मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, दीर शेती बघतो, मी एका शाळेत इतिहास शिकवते आणि सकाळची एसटी पकडते. जाऊ कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावातली, मला अक्का म्हणते. एरवी तिचा आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू येत नाही. पण अष्टमीच्या आरतीला संबळ सुरू झाला की तिची मान आधी सैल पडते, मग केस सुटतात, मग जो आवाज निघतो तो ओसरीवरच्या माणसालाही उठवून बसवतो.

मग सगळे पाया पडतात. आत्याबाई पडतात, दीर पडतो, गल्लीतल्या म्हाताऱ्या पडतात. मीही पडते. त्या घडीला ती जाऊ नसते, देवी असते, हे मला समजतं. तरी एका वर्षी कपाळ टेकवताना मला दिसलं की देवीच्या पायाला माझी नेलपॉलिश आहे, मी कपाटात शोधत होते ती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच देवी पातेलं घेऊन विचारते, "अक्का, चहात साखर कमी टाकू का?" मी म्हणते टाक. काय म्हणणार?

तुळजापूरच्या आईचं आमच्या घराण्यात परडीचं व्रत आहे. वेताची परडी, तिच्यात देवीचा मुखवटा, पीठ-मीठ, हळदीकुंकू, आणि सोबत कवड्यांची माळ. मंगळवारी, शुक्रवारी परडी भरायची, जोगवा मागायचा, देव्हाऱ्यातल्या देवांना अंघोळ घालायची. जिच्याकडे परडी, तिचा देव्हारा. ही परडी सासूकडून सुनेकडे जाते. आत्याबाईंचे गुडघे धरायला लागले तशी परडी माझ्याकडे येणार हे मी धरूनच चालले होते. मंगळवारी पहिला तास कुणाला देता येईल याची स्टाफरूममध्ये चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

एका मंगळवारी आत्याबाईंनी आम्हा दोघींना पाटावर बसवलं. परडीला हळदकुंकू लावलं, माळ हातात घेतली, आणि माझ्यासमोरून हात पुढे नेऊन ती माळ जावेच्या गळ्यात घातली.

मला म्हणाल्या, "मास्तरीण, तुझ्यामागं शाळा हाय. आन् देवीनं आपली जागा आपणच धरलीया. आपण कोण बदलणार?"

यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून जास्त झोंबलं. मी हसले. पेढे आणायला उठले. चौकातल्या दुकानात उभी असताना डोळ्यांत पाणी आलं तर पेढेवाल्याला म्हटलं, धूळ किती उडते हो या रस्त्याला.

मी भवानीला सोडलं असं कुणी समजू नये. कुलदेवी सोडायची गोष्ट नसते. संध्याकाळी दिवा मीच लावत होते, पौर्णिमेला तुळजापूरला जात होते, गर्दीत ढकलले जात होते. पण मी तिच्यावर रुसले. तिला मी नको तर राहिलं, एवढंच मनात धरून दर्शन घेत होते. असं दर्शन घेऊन मन शांत होत नाही हे वेगळं सांगायला नको.

अथीना मला त्याच वर्षी शाळेच्या ग्रंथालयात भेटली. सहामाहीचे पेपर तपासून कंटाळले होते आणि जगातल्या प्राचीन संस्कृतींचं एक मोठं चित्रांचं पुस्तक चाळत होते. ग्रीसच्या पानावर ती उभी होती. डोक्यावर शिरस्त्राण, एका हातात भाला, बाजूला ढाल, ढालीवर सापांच्या केसांचं एक कापलेलं मुंडकं, आणि दुसऱ्या हातावर घुबड. मी आधी भाला बघितला. मग मुंडकं बघितलं. आमच्या भवानीनं दैत्याची शेंडी धरलेली आहे, हिनं दैत्यिणीचं डोकं ढालीवरच लावून ठेवलंय. मला ती लगेच आपल्यातली वाटली.

मग मी वाचत गेले. आधी त्या पुस्तकातून, नंतर फोनवर. ती बापाच्या डोक्यातून जन्मली, आईच्या पोटातून नाही. ती बुद्धीची देवी, विणकामाची, आणि लढाई कशी आखायची त्याची. आपल्याकडं देवीला साडी नेसवतात तसं तिलाही तिकडच्या बायका वर्षाचं एक नवं वस्त्र विणून नेसवत. तिची वस्त्रं उतरवून धुवायचा एक दिवस असे, त्या दिवशी तिला कुणी बघायचं नाही. आमच्या तुळजापूरची आई नवरात्राआधी मंचकावर झोपते तेव्हा आम्ही जसे दबक्या आवाजात वागतो, तसंच ते असणार.

आणि मग ती ओळ आली, जिच्यापाशी मी थांबले. त्यांच्याकडेही अंगात येणं होतं. त्यांचा एक द्राक्षाच्या दारूचा देव आहे, तो आला की बायका केस सोडून डोंगरावर धावत सुटत. मी एकटीच हसले. म्हणजे तिकडेही आहेतच या! पण अथीना त्यातली नव्हती. ती कुणाला झुलवत नव्हती, कुणाचे केस सोडत नव्हती, संबळ मागत नव्हती. शांत उभी राहून विचार करणारी देवी. मला अशीच हवी होती. खरं सांगायचं तर मला अशी देवी हवी होती, जी माझ्या जावेच्या अंगात येऊ शकणार नाही.

कुणाला हे फार लांबचं वाटेल. मला वाटलं नाही, कारण माझं माहेर तेरचं. तेरणेच्या काठच्या आमच्या रानात नांगर फिरला की रंगीत मणी निघायचे, खापरं निघायची. एकदा मातीचं बोटभर डोकं निघालं होतं, बाईचं, केसांची घडण अशी की आमच्याकडच्या कुठल्या बाईची नसेल. जुन्या काळी समुद्रापलीकडचे व्यापारी इथवर माल न्यायला येत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. वडिलांनी ते डोकं धुतलं आणि कोनाड्यात देवांशेजारी ठेवून कुंकू लावलं. आईनं विचारलं हे कोण, तर म्हणाले, "आपल्या रानात उतरलीया, पावणी म्हण." त्या पाहुणीला आमच्याकडे बरीच वर्षं नैवेद्य होता. त्यामुळे परकी देवी ही अडचण माझ्या डोक्यात कधी आलीच नाही.

माझी पूजा मी आपल्या हातानं जुळवली. ऑलिव्हचं तेल सोलापूरच्या मॉलमध्ये मिळतं, पण भाव बघून मी बाटली परत फळीवर ठेवली आणि आमच्या करडईच्या तेलाचा दिवा केला. तिकडे देवांना दारू जमिनीवर ओतत. ते मी आमच्या घरात केलं असतं तर आत्याबाईंनी मलाच अंगणात ओतलं असतं. मी द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षांचा रस आणि एरवी दूध-मध तुळशीच्या बाजूच्या मातीत ओतत होते. खणाच्या तुकड्यावर जरीचं काम करून तिला वस्त्र शिवलं. मंत्र कुठून आणणार? मी "नमो अथीने" म्हणून सुरुवात करत होते आणि पुढे जे सुचेल ते बोलत होते. सगळे आपापल्या कामात असताना, कपाटाचं दार उघडून, दिवा स्टुलावर ठेवून.

आधी फक्त चित्र होतं, ग्रंथालयाच्या पुस्तकावरून छापून घेतलेलं. पण चित्र म्हणजे कॅलेंडर. आपल्याकडे देव घरात येतो तो टाकाच्या रूपात, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेल्या मूर्तीच्या. म्हणून मी सोलापूरला टाक बनवणाऱ्या एका सोनाराकडे गेले. म्हातारा गृहस्थ, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं चित्र उलटसुलट करून बघितलं.

"ही कोणत्या गावची म्हणायची?"

"लई लांबची," मी म्हटलं. "विद्येची देवी आहे."

"मग टोप कशाला घातलाय?"

"लढते पण."

"मग आपल्या आईसारखीच की," असं म्हणून त्यानं चित्र ठेवून घेतलं.

टाक आणायला गेले तर भाला सुरेख, ढाल सुरेख, चेहरा असा की मला तिथंच हात जोडावेसे वाटले. फक्त हातावर घुबड नव्हतं. मोर होता. छोटा, पिसारा मिटलेला, मान वळवलेला.

मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत? घुबड होतं ना?"

तो अजिबात ओशाळला नाही. "बाई, घरात बसायला चाललीय ती. घुबड कसं ठोकू मी? माझा हात होईना. विद्येची म्हणालात म्हणून सरस्वतीचा मोर दिला."

मी चिडले, वाद घातला, आणि शेवटी तोच टाक घेऊन आले. परत वितळवायचा म्हणजे तो चेहराही गेला असता. घरी येऊन टाक खणात गुंडाळला, सोबत छापील चित्र ठेवलं, आणि माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत ठेवून दिला. अथीनेला म्हटलं, तुझं पाखरू बदललंय, सांभाळून घे.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. नवरात्रात मी जावेच्या पाया पडायचे आणि मनात म्हणायचे, तुझी असेल ती असू दे, माझी वेगळी आहे. हे म्हणताना जे सुख व्हायचं ते कुठल्या आरतीत मला मिळालं नव्हतं. तिची देवी सगळ्या गल्लीची होती. माझी एकटीची होती. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणजे त्यानं कधी कपाट उघडलं असेल तर बनियन काढण्यापुरतं.

मागच्या नवरात्रात अष्टमीची आरती चालली होती. ताट माझ्या हातात होतं. संबळ चढला, जावेची मान सैल पडली, केस सुटले. लोकांनी जागा करून दिली. आत्याबाईंनी तिच्या कपाळी मळवट भरला आणि नेहमीसारखं विचारलं, "आई, काय चुकलं असंल तर बोल. लेकरावर राग धरू नगं."

देवी घुमत होती. मग म्हणाली, "माझी भैन आलीया."

आत्याबाई गोंधळल्या. "कोण भैन, आई?"

"समिंदरापल्याडची. हातात भाला हाय, हातावर मोर हाय. तुमी तिला अंधारात कोंडलीया. कापडाच्या घडीत तिचा जीव गुदमरतूय."

मी ताटातली वात उगाचच पुढे सारली.

"कुणी कोंडली, आई? आमाला ठावं न्हाय."

"थोरलीला इचार."

सगळी ओसरी माझ्याकडे वळली. ताट कुणीतरी माझ्या हातातून घेतलं. मी आत गेले, कपाट उघडलं, साड्यांमधून टाक काढला. चित्र तिथंच राहू दिलं. आत्याबाईंनी टाक तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"भाला हाय. टोप हाय. मोर बी हाय व्हय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तरीण, देव काय चोरून ठिवायचा असतोय व्हय?"

"तिला माझ्या शेजारी बसवा," देवी म्हणाली, आणि जाऊ कोसळली. बायकांनी तिला पाणी पाजलं. त्याच आरतीत अथीनेला दुधानं न्हाऊ घातलं, शिरस्त्राणाला कुंकू लागलं, आणि ती आमच्या देव्हाऱ्यात भवानीच्या डाव्या हाताला बसली. लोक म्हणत होते, थोरलीचं नशीब बघा, देवीनं तिच्या देवाला आपण होऊन घरात घेतलं. आणि पाया पडत होते धाकटीच्या.

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. माझ्या मत्सराचा हिशोब फार सोपा होता. एक देवी तिला आपसूक मिळाली. दुसरी मी स्वतः शोधली, पुस्तकातून, पैसे साठवून, सोनाराशी भांडून. तिचं गाऱ्हाणंही निघालं ते जावेच्याच तोंडून. आणि आता देव्हाऱ्यात गेली म्हणजे तिची अंघोळ, तिचं वस्त्र, तिचं फूल सगळं परडीवालीच्या हातात. मी सकाळची एसटी गाठणार, पूजा माझ्यामागे होणार. माझ्या देवीला हात लावायचा तर मला जावेला विचारावं लागणार होतं.

त्यातून गल्लीत बातमी पसरली. पाहुणी देवी विद्येची आहे म्हणे. दहावीच्या परीक्षा जवळ आल्या तशा आया नारळ घेऊन यायला लागल्या. याच बाया कालपर्यंत मला दारात थांबवून विचारत होत्या, मॅडम, पोराला कुठला क्लास लावू. आता त्या माझ्यासमोरून आत जात होत्या आणि जावेला विचारत होत्या, वयनी, गणिताचं काय करावं. माझी दहावीत अडकलेली जाऊ त्यांना अंगारा देत होती. इतिहासाला तर कुणी नारळसुद्धा आणला नाही.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती. मोर. खरी देवी बोलली असती तर तिनं आपल्या बहिणीचं पाखरू ओळखलं नसतं का? मोर सोनारानं लावलेला. मोर म्हणाली म्हणजे टाक कपाटात बघून बोलली. म्हणजे देवीबिवी काही नाही, आमची धाकटी. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी शाळेत फळ्यावर लिहीत होते आणि खडू मोडला. हे मी तिला तोंडावर विचारणार होते, आणि माझा टाक परत घेणार होते.

रविवारी ती मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी ते छापील चित्र तिच्यासमोर धरलं.

"हे बघ. हातावर काय आहे?"

तिनं हात पदराला पुसले, पण चित्र घेतलं नाही. "घुबड."

"मग मोर कुठून आला गं तुझ्या देवीच्या तोंडात?"

"ठावं हाय मला, अक्का," ती म्हणाली. "कपाटात तुमच्या साड्या म्याच ठिवते की. चित्रात घुबड, चांदीत मोर. सोनारानं आपल्या मनानं बदललं, न्हाय का?"

मी बसलेच. "ठाऊक होतं तर मोर का म्हणालीस?"

तिनं अजून एक शेंग मोडली. "अंगात आल्यावर म्या काय बोलते ते मला कुठं ठावं असतंय? पर बोलणारीला ठावं असंल की. घुबड म्हणलं असतं तर आत्याबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत ठिवू दिलं असतं व्हय?"

"बोलणारी कोण? भवानी?"

"ते तुमाला जास्त कळतंय. तुमी शिकलेल्या."

मी तिला खोटं पकडायला आले होते आणि तिनं प्रश्न माझ्याच पदरात टाकला. उत्तर मला कळत होतं. आमची आई असा विचार करत नाही. ती आली की गर्जते, कुणाला काय वाटेल याची तिला फिकीर नसते. घुबड असतं तर ती घुबड म्हणाली असती आणि आत्याबाईंनाच हात जोडायला लावले असते. सासूचा स्वभाव ओळखून, भांडण न करता, कुणाला कमी न दाखवता, नेमकं एक पाखरू बदलून पाहुणीला देव्हाऱ्यात बसवायची युक्ती भवानीची नव्हतीच.

अथीनेच्या गोष्टी मी इतक्या वाचल्यात. ती आपल्या माणसाकडे उघडपणे क्वचितच येते. ओळखीच्या कुणाचं तरी रूप घेते, शेजाऱ्याचं, जुन्या मित्राचं, आणि एखादी युक्ती सुचवून अडचण सोडवून जाते. मी तर तिची वाट बघत होते. एसटीत शेजारी कुणी करारी डोळ्यांची बाई बसली की वाटायचं हीच असेल. एकदा नळदुर्गच्या स्टँडवर बांगड्या विकणाऱ्या एका बाईनं मला सुटे पैसे देताना फार शहाणपणाचं काहीतरी सांगितलं, तर मी तिच्या मागे अर्ध्या स्टँडभर गेले. आणि ती आली होती माझ्याच घरात, माझ्याच साड्यांची घडी घालणाऱ्या बाईच्या डोक्यात. अंगात येत नाही म्हणून मी जी देवी निवडली, ती अंगात आलीच नाही. नुसती डोक्यात गेली. तेही जावेच्याच.

जाऊ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुमाला एकटीलाच पायजे असंल तर न्या परत कपाटात. आत्याबाईंला म्या सांगते, देवीनं जागा बदलायला लावली म्हणून. त्या आयकतील."

तिला हेही इतकं सोपं होतं. भाजीत मीठ घालावं तसं.

मी देव्हाऱ्यापाशी गेले. टाक परत न्यायचाच होता, हात पुढेही केला. अथीना चकचकीत घासलेली होती. शिरस्त्राणाच्या टोकाला कुंकवाची बारीक टिकली, पायाशी जास्वंद, अंगावर मी शिवलेलं वस्त्र, तेही धुवून इस्त्री केलेलं. माझ्या कपाटात ती काळी पडत चालली होती, हे मला तेव्हा दिसलं. मावशीकडे सुट्टीला गेलेलं पोर अंग धरून परत आलं की आईला आनंद व्हायला हवा, पण आधी झोंबतं ते हेच की माझ्याकडे याला काय कमी होतं. मी हात मागे घेतला. उचलली असती तर ती पुन्हा अंधारात, आणि तेही जावेच्या मेहेरबानीनं. ठेवली तर उजेडात, आणि तेही जावेच्याच.

बाहेर येऊन म्हटलं, "राहू दे तिथंच."

"बरं."

"पण तिची अंघोळ मी घालणार. रोज."

"घाला की," ती म्हणाली. "तुमचीच हाय."

ते "तुमचीच हाय" मला अजून बोचतं. माझी वस्तू मला कुणीतरी दिली.

आता मी एसटीच्या आधी तासभर उठते. जाऊ माझ्याआधी उठलेली असते. ताम्हण मांडून ठेवते, पाणी कोमट करून ठेवते, फुलं तोडून ठेवते, आणि भवानीची पूजा माझं होईपर्यंत थांबवून मागे उभी राहते. मला घाई असते, तिला नसते. मी अथीनेला हातात घेते, दूध घालते, पाणी घालते, खणाच्या वस्त्रानं पुसते. परवा पुसताना मनात म्हटलं, हिच्याकडे आधीच एक आहे गं. ती एवढी मोठी, सगळा मुलूख जिच्या पाया पडतो ती. तू तरी माझी हो. हिच्या डोक्यात जाऊ नकोस. माझ्या डोक्यात ये. इतकी वर्षं रिकामं ठेवलंय ते तुझ्यासाठी.

डोळे उघडले तर जाऊ फुलांची परडी पुढे करून उभी होती.

"लई येळ मागत हुता अक्का. काय मागितलं?"

"तुझंच भलं," मी म्हटलं.

ती हसली आणि ताम्हणातलं पाणी तुळशीला घालायला घेऊन गेली. तिला कळलं असणार. तिला सगळंच कळतं, हेच तर माझं दुखणं आहे.